खालचा गट

भेंडीचं टोक मोडून बघू नये, अशी पाटी दुकानदारानं भेंडीच्या खोक्यावरच लावली होती, आणि भानुदास तिच्याच खाली उभा राहून एकेक टोक मोडत होता. टोक कट्‌कन मोडलं तर भेंडी कोवळी, नुसतं वाकलं तर जून. हे आईनं नागपुरात शिकवलेलं. चँडलरच्या इंडियन स्टोअरमध्ये पाटीचा मान राखायचा म्हणजे आठवडाभर निबर भेंडी चघळायची, आणि एकट्या माणसाच्या घरात तिला नावं ठेवायलाही दुसरं कुणी नसतं. शेजारी नरेंद्र कोथिंबिरीच्या जुड्या हुंगत होता. नरेंद्र पुण्याचा, भानुदासच्याच चिपच्या कारखान्यात दोन इमारती पलीकडे बसायचा. घरांचे भाव, शाळांची रेटिंग्ज, कोण कुठून उठून कुठे राहायला गेलं, हे सगळं त्याला तोंडपाठ. जुडी पिशवीत टाकता टाकता तो म्हणाला, "अरे, तुझ्या घरासमोरची शाळा खालच्या गटात टाकली, कळलं का? फुटबॉलच्या. पोरं कमी झाली म्हणून." आणि मग याचा घरांच्या किमतीवर आज ना उद्या कसा परिणाम होतो, यावर त्यानं बरंच काही सांगितलं. भानुदासचं स्वतःचं घर नव्हतं, भाड्याचं अपार्टमेंट होतं, पण नरेंद्रला बोलताना समोरच्याचं घर असावंच लागतं असं काही नाही. भानुदासनं फक्त एवढंच विचारलं, की दक्षिणेकडची ती नवी शाळा, तिचं काय झालं. "ती वर गेली ना. तिकडे काय यार, घरंच घरं बांधतायत," नरेंद्र म्हणाला आणि मिरच्यांकडे वळला. भानुदासनं हातातली भेंडी मोडली. ती वाकली, तुटली नाही, तरी त्यानं ती पिशवीत टाकली, मग न बघता अजून दोन मुठी टाकल्या, आणि दूध, कांदे, हिंग, ज्यासाठी तो आला होता ते सगळं विसरून पैसे देऊन बाहेर पडला.

गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण चावी फिरवलेली नाही. डिसेंबरातलं ॲरिझोनाचं मऊ ऊन काचेतून मांडीवर येत होतं. एक शाळा खाली गेली, एक वर गेली. म्हणजे त्या दोघींची आता गाठ पडणार नाही. इथे हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलमध्ये शाळांचे गट काही खेळ बघून पाडत नाहीत. शाळेत पोरं किती ते मोजतात, राज्यभरच्या शाळा मोठीपासून छोटीपर्यंत एका रांगेत लावतात आणि रांगेत मधेमधे रेषा मारतात. दर दोन वर्षांनी पुन्हा मोजणी, पुन्हा रेषा. मॅचेस होतात त्या बहुतेक आपापल्या गटात. त्याच्या घरासमोरची जुनी शाळा आणि दक्षिणेची नवी शाळा इतकी वर्षं एकाच गटात होत्या, जुनी जरा उतरणीला लागलेली, नवी चढणीला. म्हणून दर ऑक्टोबरात त्यांची एक मॅच व्हायची, एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. यंदा तिकडे झाली होती. येत्या वर्षी इकडे व्हायची होती, रस्त्यापलीकडे, बाल्कनीतून दिवे दिसतात त्या मैदानावर. आणि त्याचा मुलगा दक्षिणेच्या शाळेत अकरावीत होता. येतं वर्ष त्याचं शेवटचं.

मुलाचं नाव बुद्धभूषण. घरी भूषण, टीममध्ये सगळे त्याला नुसतं बी म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी बायको, प्रणिता, वेगळी झाली तेव्हा तिनं दक्षिणेला घर घेतलं. पूर्वी तिकडे कापसाची शेतं आणि गाईंचे गोठे होते. अजूनही वारा फिरला की नव्याकोऱ्या घरांच्या ओळींवरून शेणाचा वास येतो. भानुदास जुन्याच अपार्टमेंटमध्ये राहिला. भांडण असं काही झालंच नव्हतं. दोघंही थकले होते, आणि थकलेल्या माणसांना भांडायलाही एकमेकांची गरज लागते, तेवढीही उरली नव्हती. कोर्टानं मुलासाठी एकाआड एक शनिवार-रविवार दिला. पहिलं वर्ष तो चोख पाळला गेला. मग फुटबॉल आलं. शनिवारी सकाळी आदल्या दिवशीच्या मॅचचा व्हिडिओ बघायला सगळ्यांनी शाळेत जमायचं, उन्हाळ्यात वजनं उचलायची, मग लायसन्स आलं, मित्र आले, स्मूदीच्या दुकानातली नोकरी आली. शनिवार-रविवारचा झाला रविवार, रविवारचं झालं रविवारचं जेवण, आणि जेवणाचा झाला मेसेज. दोष कुणाला द्यायचा? पोर वाढत होतं. सोळा-सतरा वर्षांचा असताना भानुदास तरी बापाजवळ कुठे बसला होता? पण ती एक मॅच ठाम होती. ती मुलाच्या मनावर नव्हती आणि बापाच्या विनवणीवर तर नव्हतीच. वेळापत्रकात छापलेली असायची. आणि ज्या वर्षी ती इकडे असे, त्या वर्षी मुलगा आपोआप बापाच्या दारासमोर येऊन उभा राहायचा.

दहावीत असताना आला होता तसा. त्या दिवशी तो बराच वेळ बाकावरच होता, शेवटी शेवटी त्याला आत घेतलं. मॅच संपल्यावर मुलाला टीमच्या बसमधून परत न नेता घरच्यांबरोबर सोडायचं असेल तर कोचसमोर पालकाला सही करावी लागते. भानुदासनं पेन घेतलं आणि सही इतकी सावकाश केली की कोचनं वर पाहिलं. मग दोघं रस्ता ओलांडून चालत आले. भूषणच्या अंगाला घामाचा, रबराचा आणि कुठल्याशा निळ्या सरबताचा वास येत होता. सोफा खराब होईल म्हणून तो जमिनीवर बसला, भिंतीला टेकून, पाय लांब करून, आणि वरण-भात, वांग्याची भाजी, पुन्हा वरण-भात असं जेवला. एकदा म्हणाला, "पप्पा, धिस इज सो गुड." तो गेल्यावर गालिच्यावर काळे काळे बारीक दाणे पडलेले दिसले. त्या मैदानावर खरं गवत नाही, प्लास्टिकचं आहे, आणि त्याच्या मुळाशी रबराचे दाणे भरलेले असतात. ते बुटांतून, मोज्यांतून येतात. भानुदासनं व्हॅक्यूम काढला, प्लग लावला, आणि परत काढून ठेवला. नंतर कितीतरी दिवस तळपायाला दाणा लागायचा. मग एक दिवस लागेनासा झाला. त्या दिवशी त्याला अकारण उदास वाटलं होतं, आणि अकारण नाही हेही त्याला माहीत होतं.

मॅचला तो बसायचा मात्र मुलाच्या बाजूला नव्हे. याचं कारण कुणी विचारलं असतं तर त्याला नीट सांगता आलं नसतं. पहिल्या वेळी तो तिकीट काढून आत गेला तेव्हा दक्षिणेच्या शाळेच्या बाजूला प्रणिता बसलेली दिसली, टीमच्या बाकीच्या आयांबरोबर, सगळ्यांनी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले. तिनं त्याला पाहिलं असतं तर ती सरकली असती, जागा केली असती, कदाचित पॉपकॉर्नही पुढे केलं असतं. तेच त्याला नको होतं. जिथे आपल्यासाठी सरकावं लागतं तिथे बसायचं नाही, ही त्याची जुनी खोड. म्हणून तो समोरच्या बाजूला गेला, रस्त्यापलीकडच्या जुन्या शाळेच्या लोकांत. पुढच्या वर्षी मॅच तिकडे होती तेव्हाही तो त्याच लोकांत, तिथल्या पाहुण्यांच्या बाजूला बसला. आजूबाजूचे सगळे त्याच्या मुलाच्या टीमवर ओरडत होते. भूषण पुढच्या रांगेतला खेळाडू, चोपन्न नंबरचा. बॉलला त्याचा हात कधी लागत नाही. समोरून अंगावर येणाऱ्याला थोपवून धरायचं, एवढंच त्याचं काम. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ सूर्यफुलाच्या बिया सोलत करवादले, की हा चोपन्न नंबरवाला आपल्या पोरांना हलूच देत नाही. भानुदासची छाती इतकी फुगली होती की बोलला असता तर पकडला गेला असता. मग खेळ थांबला तेव्हा भूषणनं हेल्मेट काढलं, आधी आपल्या बाजूला पाहिलं, आईकडे हात केला, आणि मग सावकाश वळून विरुद्ध बाजूच्या गर्दीवरून एका टोकापासून नजर फिरवू लागला. बाप तिथेच असणार हे त्याला ठाऊक होतं. नजर भानुदासवर आली, थांबली, हनुवटी एवढीशी वर झाली. बस. आपल्यावर ओरडणाऱ्या गर्दीत आपलं माणूस शोधणारा तो एकटाच मुलगा असेल त्या मैदानावर. वर्षभर त्या हनुवटीवर दिवस काढता येतात, हे भानुदासला त्या वेळी कळलं.

गट म्हटलं की त्याच्या अंगावर अजून काटा येतो, तो वेगळ्याच मैदानामुळे. नागपुरात इंदोऱ्याला त्यांचं कबड्डीचं मंडळ होतं. भानुदास डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा, आणि घोट्याला त्याची पकड बसली की भल्याभल्यांना सुटता यायचं नाही. तिथे गट वजनावर असायचे. स्पर्धेच्या सकाळी धान्याच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर एकेकाला उभं करायचे. पन्नास किलोच्या आत असेल तो लहान गटात. वस्तीतली पोरं आदल्या दिवसापासून पाणी सोडायची, भर उन्हात दोन दोन स्वेटर घालून पळायची, थुंकी गिळायची नाहीत. ज्या वर्षी त्यांचं मंडळ खरंच जिंकेल असं सगळे म्हणत होते, त्या वर्षी भानुदास काट्यावर चढला आणि काटा रेषेच्या किंचित पुढे गेला. त्यानं बनियन काढली, गळ्यातला दोरा काढला. काटा तिथेच. काट्यावरच्या सरांचा स्वभाव वाईट नव्हता. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मोठ्या गटात ये. स्पर्धा संपेपर्यंत तो रेषेच्या बाहेर मांडी घालून बसला आणि बाकीच्यांचे शर्ट त्याच्या मांडीवर. आपलं म्हणून द्यायचे ते त्याच्याकडे, विश्वासाचा माणूस म्हणून. प्रत्येक शर्टाचा वास निराळा होता. समोर त्याच्या जागी उभ्या असलेल्या पोराच्या हातून घोटा सुटत होता आणि त्याची बोटं शर्टांत आवळली जात होती. मंडळ हरलं. "काहून बे रडतं?" असं कुणीतरी विचारलं, आणि तो घाम आहे म्हणाला. पुढच्या वर्षी मोठ्या गटात कुणी त्याला विचारलं नाही, आणि नंतर कॉलेज आलं. इथे पोरांचं वजन कुणी करत नाही. भूषण कितीही खातो आणि जितका वाढेल तितका कोच खूश. इथे काट्यावर अख्खी शाळा चढवतात.

आणि ही शाळा हलकी का झाली, ते त्याला बाल्कनीतून दिसतच होतं. आसपासच्या घरांत आता म्हातारी जोडपी राहतात, त्यांची मुलं केव्हाच मोठी होऊन निघून गेली. अपार्टमेंटची भाडी वाढली तशी पोराबाळांची कुटुंबं लांब गेली. आणि आपले लोक, मंडळाच्या गणपतीला आणि चौदा एप्रिलला भेटणारे, एकजात सगळे, मुलांना गणिताच्या त्या खास शाळांत घालतात. नरेंद्रनं तर मुलगी पाळण्यात असतानाच नाव नोंदवलं असावं. तिकडे मैदानच नाही, हे तो अभिमानानं सांगतो. असे एकेक करत गेले. जाणाऱ्याला आपण कुठून वजा होतोय याची काही कल्पना नसते. नरेंद्रनं नंतर सांगितलं त्याप्रमाणे शाळा अगदी थोडक्यात रेषेखाली गेली होती. थोडक्यात म्हणजे किती, हे विचारायचं भानुदासनं टाळलं. कारण गेलेल्यांत एक त्याच्या घरातला होता.

प्रणिता निघाली तेव्हा तिनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. भूषण आठवीत होता. ती म्हणाली, हायस्कूलला त्याला इथेच समोर राहू दे, मित्र इथे आहेत, पत्ता तुझा देऊ, सकाळी मी आणून सोडत जाईन. भानुदास नाही म्हणाला. ॲरिझोनाला येण्याआधी ते जर्सी सिटीत राहायचे, आणि तिथे त्याच्या ऑफिसातल्या एकानं मुलाला चांगल्या शाळेत घालायला मेहुण्याचा पत्ता दिला होता. शाळेनं माणूस पाठवून सकाळी गाडीचा माग काढला, पोराला वर्षाच्या मध्यात काढून टाकलं, वर दंड मागितला. आणि प्रणितानं विचारलं तेव्हा भानुदासचं ग्रीन कार्डाचं काम अडकून पडलं होतं. त्या वर्षांत तो सिग्नलला पिवळा दिवा दिसला तरी थांबायचा. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर त्याला झोप यायची नाही. मुलगा रात्री झोपतो एका घरात आणि कागदावर पत्ता दुसऱ्या घराचा. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? आपल्यासारख्यांनी कागदाशी खेळू नये. ही बोलणी स्वयंपाकघरात चालली होती, आणि भूषण फ्रिजपाशी उभा होता. त्यानं दोघांकडे पाहिलं, मग बापाकडे. "ओके," म्हणाला, ज्यूसची बाटली घेतली आणि आपल्या खोलीत गेला. दोन वर्षांनी ऑफिसात मायक्रोवेव्हपाशी उभं असताना, इथेच जन्मलेल्या एका सहकाऱ्याच्या बोलण्यातून भानुदासला कळलं, की या राज्यात जागा असेल तर मूल कुठल्याही शाळेत घालता येतं. पत्ता कुठला का असेना. ओपन एन्रोलमेंट. समोरच्या शाळेतली कितीतरी पोरं लांबून येतात. त्याच्या डब्यातलं वरण आत गोल गोल फिरत होतं आणि तो काचेतून त्याच्याकडे बघत राहिला. त्यानं त्याच दिवशी प्रणिताला फोन केला. तिलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "आपण दोघंही डोक्यानं जर्सीतच राहिलो होतो, भानुदास." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

भेंडी घेऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो रस्ता ओलांडून शाळेत गेला. आयुष्यात त्यानं कुणाकडे फारसं काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागताना चेहरा कसा ठेवायचा हे त्याला माहीत नव्हतं. खेळाचा विभाग बघणारे डेल्गाडो नावाचे गृहस्थ जिममागच्या लहानशा खोलीत बसलेले होते. त्यांनी त्याला ओळखलं. चोपन्न नंबरचे वडील ना तुम्ही, आमच्या बाजूला बसता, असं हसून म्हणाले आणि खुर्ची दिली. भानुदासनं विचारलं, गट वेगळे झाले तरी राजीखुशीनं एखादी मॅच ठेवता येते असं ऐकलंय, तर दक्षिणेच्या शाळेबरोबरची ठेवता येईल का. डेल्गाडोंनी लगेच नाही म्हटलं नाही. खिडकीतून मैदानाकडे बघत सावकाश सांगितलं. एवढ्या मोठ्या शाळेकडे पुढच्या रांगेसाठी पोरांच्या दोन फळ्या असतात, एक दमली की दुसरी. यांच्याकडे तीच पोरं चढाईला आणि तीच बचावाला. अर्धी मॅच झाली की पाय उचलत नाहीत, आणि दमलेल्या पोराचंच हाड मोडतं. गेली काही वर्षं प्रत्येक सीझनला दवाखान्यात बसून कुणा ना कुणाच्या आईला तोंड द्यावं लागलंय. आता कुठे आपल्या वजनाच्या टीम वाट्याला आल्यात. "आय कॅन्ट डू दॅट टु देम, सर," ते म्हणाले. भानुदासनं मान हलवली. सगळ्यात वाईट हे, की ते त्याला पटलं. गट असतात ते हलक्यांची हाडं वाचावीत म्हणून, हे काट्यावर उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या घरी एक संध्याकाळ मुलगा जेवायला यावा म्हणून आपण दुसऱ्यांच्या पोरांची हाडं मागायला गेलो होतो, या विचारानं रस्ता ओलांडताना त्याला शरम वाटली. शरम वाटली म्हणून ओढ काही कमी झाली नाही.

त्या रविवारी भूषण आला. न कळवता आला. खाली गाडीचं दार वाजलं, जिन्यावर जड पावलं, आणि दारात मुलगा. त्याच्या येण्यानं स्वयंपाकघर एकदम लहान झालं. भानुदासनं तीच भेंडी परतली, पोळ्या लाटल्या. भेंडी निम्मी जून निघाली होती, मुलानं चोथा ताटाच्या कडेला नीट रचून ठेवला आणि तक्रार केली नाही. टेबलाखाली त्याचा गुडघा हलत होता. लहानपणापासून काही मागायचं असलं की त्याचा गुडघा असा हलतो. मग तो म्हणाला, गटांचं ऐकलं. म्हणाला, दॅट सक्स, कारण मला शेवटची मॅच इथे खेळायची होती. भानुदासनं त्याच्या ताटात पोळी वाढली. भूषण पोळीकडे बघत म्हणाला, "पप्पा, आय कॅन कम हिअर. सीनियर इयर. ओपन एन्रोलमेंट आहे, मी चेक केलं. इथे राहीन, समोर जाईन. मॉम इज ओके विथ इट."

भानुदासचा हात पोळीच्या डब्यावरच राहिला. त्यानं विचारलं, आणि खेळायचं काय. भूषणनं खांदे उडवले. आईबापांनी घर न बदलता, एकट्यानंच शाळा बदलून आलेल्या खेळाडूला बसवून ठेवतात, तो नियमच आहे. अर्धा सीझन, कदाचित पूर्ण. टीमबरोबर राहता येतं, प्रॅक्टिस करता येते, मॅचच्या दिवशी रेषेबाहेर जर्सी घालून उभं राहता येतं. "इट्स फाइन. इट्स जस्ट फुटबॉल," तो म्हणाला, आणि गुडघा जोरात हलायला लागला. भानुदासला काय काय दिसलं त्या एका क्षणात. दारातले मोठाले बूट. सकाळी बाल्कनीतून रस्ता ओलांडताना दिसणारी पाठ, मागे वळून न बघणारी, आणि तिनं वळून बघायची गरजही नसलेली, कारण दुपारी ती परत येणार. दोन ताटं. बाथरूमच्या दारावर टकटक, किती वेळ म्हणून. गालिच्यावर रोज काळे दाणे. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटत होता ते चालत घरी येऊन, भेंडीचा चोथा बाजूला ठेवून, त्यालाच विचारत होतं. 'हो' दातांपर्यंत आला होता. पण मैदानाच्या रेषेबाहेर उभा असलेला तो मुलगाही त्याला दिसत होता, त्याच्या जागी दुसराच कुणी, समोरचा सुटतोय आणि याची बोटं वळतायत. आणि हे सगळं एकट्या बापावर दया म्हणून. तो म्हणाला, "नको."

मग तो समजावायला लागला. शेवटचं वर्ष आहे, तुझी टीम वरच्या गटात गेलीय, तुला खेळायला मिळालं पाहिजे. इंदोऱ्याचं सांगायला त्यानं सुरुवात केली, वखार, काटा, मांडीवरचे शर्ट, पण कबड्डीचे शब्द इंग्रजीत येईनात आणि मराठीत भूषणला कळेनात, आणि शर्टांच्या वासाचं तर कुठल्याच भाषेत सांगता येईना. मुलानं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. उठला, ताट धुतलं, फ्रिज उघडला, ज्यूसची बाटली घेतली. "ओके," तो म्हणाला. तेच ठिकाण, तोच फ्रिज, तोच शब्द, फक्त आवाज आता पुरुषाचा. आणि तेव्हा भानुदासला लख्ख दिसलं, की मुलाच्या मनात हे दोन नकार आता शेजारी शेजारी ठेवले जाणार. पहिला भीतीनं दिलेला, दुसरा मायेनं. पण देणाऱ्यालाच तो फरक माहीत, घेणाऱ्याच्या हातात दोन्ही सारखेच. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, हा तसा नाही रे, हा वेगळा आहे. भूषण बूट चढवायला वाकला होता. एका हातानं त्यानं बापाला मिठी मारली, जिन्यावर जड पावलं उतरली, खाली गाडीचं दार वाजलं.

उन्हाळा गेला. फोन होत राहिले, मेसेज येत राहिले, त्यांत काही कमी नव्हतं आणि काही जास्तही नव्हतं. ऑगस्ट संपताना सीझन सुरू झाला. दक्षिणेच्या शाळेची घरच्या मैदानावरची पहिली मॅच वरच्या गटातल्या कुठल्याशा दांडग्या शाळेशी होती, लांबून बसेस भरून आलेली. भानुदास ऑफिसातून परस्पर तिकडे गेला. सूर्य बुडाला होता तरी जमिनीतून धग येत होती आणि वाऱ्यावर गोठ्यांचा वास. तिकीट काढून तो आत आला आणि पाय आपोआप पाहुण्यांच्या बाजूला वळले. समोरून प्रणितानं त्याला पाहिलं. या खेपेला तिनं खरोखरच हात उंचावून इकडे ये अशी खूण केली, आणि सरकलीही. त्यानं हात हलवला आणि तो होता तिथेच, त्या परक्या शाळेच्या लोकांत, मधल्या पायरीवर बसला. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. सूर्यफुलाच्या बियांवाले गृहस्थही नव्हते. ते खालच्या गटात, दुसऱ्या गावी, दुसऱ्या मैदानावर असतील. चोपन्न नंबर उभा होता पुढच्या रांगेत. समोरची पोरं त्याच्याहून थोराड होती आणि तो त्यांना थोपवत होता, कधी फेकला जात होता, उठत होता. भानुदासच्या हाताची बोटं वळत होती, पण मांडीवर कुणाचे शर्ट नव्हते आणि मुलगा रेषेच्या आत होता.

खेळ थांबला. भूषणनं हेल्मेट काढलं, पाणी प्यायला, आपल्या बाजूला पाहिलं, आईकडे हात केला. मग खाली मान घालून उभा राहिला. भानुदास वाट बघत होता. इथे बाप असेल असं त्याला का वाटावं? ही काही समोरची शाळा नव्हती. इथे बसायचं काही कारणच नव्हतं. गर्दीत सगळे बसलेले असताना भानुदास उठून उभा राहिला. मागून कुणीतरी, सर, प्लीज, असं म्हणालं. तो बसला नाही. मैदानावर भूषणनं मान वर केली, सावकाश वळला, आणि पाहुण्यांच्या गर्दीवरून एका टोकापासून पायरी पायरीनं नजर फिरवू लागला. भानुदासनं हात वर केला. दिवे मुलाच्या डोळ्यांवर होते. नजर जवळ आली, त्याच्यावरून गेली, पुढच्या टोकापर्यंत पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शिट्टी वाजली तसं त्यानं हेल्मेट चढवलं. त्याला आपण दिसलो की नाही, हे भानुदासला कळलं नाही. पण तो शोधत होता. भानुदास हात तसाच वर धरून उभा राहिला.